थकव्याच्या कांजीची पार्श्वभूमी

जपानी भाषेत ‘त्सुकारेरु’ म्हणजे थकणे, आणि हे क्रियापद ज्या कांजीने, म्हणजे चिनीतून घेतलेल्या लिपिचिन्हाने, लिहितात तिच्यात दहा रेघा आहेत. वरून आणि डावीकडून वेढणारा पाच रेघांचा भाग ‘यामाइदारे’ या नावाने ओळखला जातो. आजार, वेदना, लक्षण या अर्थांच्या कांजींतही तोच येतो. आतील पाच रेघांचे चिन्ह स्वतंत्रपणे लिहिले तर त्याचा अर्थ कातडी. आजाराने कातडी सैल पडली की माणूस थकलेला दिसतो, अशी काहीतरी गोष्ट जुळवून विद्यार्थी ही कांजी पाठ करतात. पाठांतरापुरते ते ठीक आहे, परंतु चिन्ह घडले ते निराळ्या रीतीने.

हान राजवटीतील चिनी विद्वान श्यू शेन याने इ.स. 100 च्या सुमारास सिद्ध केलेल्या कोशात या चिन्हाची नोंद अगदी त्रोटक आहे: अर्थ श्रम, आजाराच्या चिन्हावरून अर्थ आणि कातडीच्या चिन्हावरून उच्चार. म्हणजे कातडीचा थकव्याशी संबंध केवळ ध्वनीपुरता. यामाइदारेचे मूळ मात्र खरोखरच चित्रात आहे. भविष्यकथनासाठी वापरलेल्या प्राचीन हाडांवर ते खाटेवर पडलेल्या माणसाच्या रूपात कोरलेले आढळते.

आजच्या प्रमाण चिनीतही कातडी आणि थकवा या दोन्ही चिन्हांचा उच्चार एकच, ओठ मिटून केलेल्या ‘फी’सारखा आहे. चिनीतून आलेले असे ओष्ठ्य ध्वनी जपानीत कालांतराने ‘ह’कडे सरकले, त्यामुळे तेथे दोन्हींचे चिनी वळणाचे वाचन ‘हि’ होते. ‘तो’ या सर्वनामाच्या कांजीतही हाच भाग असून तिचेही असे वाचन ‘हि’च आहे. लाट आणि फोडणे यांच्या कांजींत मात्र तो ‘हा’ असा वाचला जातो, कारण प्राचीन चिनीत जवळ असलेले हे उच्चार पुढे एकमेकांपासून दुरावले. ‘त्सुकारेरु’ हा अस्सल जपानी शब्द. आयात चिन्हाला तो केवळ अर्थसाम्यामुळे जोडला गेला.

‘हिरो’, म्हणजे थकवा, या जोडशब्दात थकव्याच्या कांजीपुढे श्रमाची कांजी येते. युद्धोत्तर लिपीसुधारणेत, 1949 साली, त्या दुसऱ्या कांजीच्या डोक्यावरील दोन अग्निचिन्हांच्या जागी तीन छोट्या रेघा आल्या. पहिलीचा सांगाडा तसाच राहिला. अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूसाठी 1970 च्या दशकात रूढ होऊ लागलेल्या ‘कारोशी’ या शब्दातही श्रमाचीच कांजी आहे, थकव्याची नाही.