जुना नारळ, नवा नारळ: वास्कोच्या सप्ताहामागचा इतिहास

श्रावण शुद्ध षष्ठीला दुपारी गोव्यातल्या वास्कोत श्री दामोदराच्या पायाशी नारळ ठेवतात आणि भजनाला तोंड लागते. नाव सप्ताह असले तरी हे भजन चालते चोवीस तासच, पण अखंड.

दामोदर मूळचा मडगावचा. सोळाव्या शतकात सासष्टीतली देवळे पाडली गेली, तेव्हा भक्तांनी तो पोर्तुगीज हद्दीबाहेर, कुशावतीकाठी जांबावलीला नेला. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली, ती याच काळात. देव गेला, नाते राहिले. म्हणूनच पुढे वास्कोवर संकट आले तेव्हा लोक जांबावलीला गेले.

ते संकट म्हणजे प्लेग. 1896 मध्ये तो मुंबईत आला. वास्कोलगतचे मुरगाव हे बंदर, त्यात रेल्वेचे टोक. धान्याच्या पोत्यांबरोबर उंदीर येत आणि उंदरांबरोबर पिसवा. रोग पिसवा पसरवतात, हे पॉल-लुई सिमाँने 1898 मध्ये दाखवले, पण ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. माणसे का मरताहेत हे घरच्यांना कळत नव्हते. एकोणिसावे शतक सरता सरता वास्कोकरांनी जांबावलीहून श्रीफळ आणले, त्याची स्थापना केली आणि अखंड भजन मांडले. साथ ओसरली, असे परंपरा सांगते. साथी आपोआपही ओसरतात. तरीही प्रथा टिकली, आणि इथे विचार करण्याजोगे आहे ते हेच.

आमच्या मते, तिने आधी काम दिले आणि अर्थ त्या कामातून आला. चोवीस तासांचे भजन एका पथकाच्या आवाक्यातले नसते. पाळ्या लागतात, रात्री दोन-तीनची पाळीही कुणाला तरी घ्यावीच लागते. पाळी बदलताना नव्या पथकाने टाळ धरून त्याच लयीत मिसळायचे आणि मगच जुन्याने हात थांबवायचा. चूक बहुधा याच क्षणी होते: नवे लोक आपली लय घेऊन येतात, ठेका डगमगतो. श्रावणातली दमट हवा वेगळाच त्रास देते. पखवाजाचे कातडे सैलावून स्वर उतरतो. मग वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकून तो चढवायचा, धुम्यावरची, म्हणजे डाव्या तोंडावरची, कणीक कमी-जास्त करायची. पेटीचा स्वर मात्र वर-खाली करता येत नाही, तेव्हा पखवाजालाच तिच्याशी जुळावे लागते.

घरात कोंकणी बोलणारी ही माणसे देवापुढे मराठी अभंग म्हणतात, आणि त्यात कुणालाच काही वावगे वाटत नाही. रात्री बाजारकर, दैवज्ञ, नाभिक अशा वेगवेगळ्या समाजांचे पार, म्हणजे भजनी मिरवणुका, गात येतात. जातवार विभागणी यात आहेच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण तिच्यामुळेच प्रत्येकाचा वाटा ठरलेला असतो: दिंडीत कोण, चित्ररथावर कोण, गवयाला आणायचे कुणी. बाहेरगावी नोकरी करणारा वास्कोकर या दिवसासाठी रजा राखून ठेवतो. त्याला विचारले तर तो श्रद्धेवर प्रवचन देणार नाही. आपल्या पाळीची वेळ सांगेल.

दुसऱ्या दिवशी भजन संपले की गेल्या वर्षीचा नारळ खारीवाड्याच्या समुद्रात सोडतात. नवा देवापाशीच राहतो, पुढच्या षष्ठीपर्यंत.