पक्ष्यांमधील संप्रेरक-बाधा

डीडीटी (कीटकनाशक), पीसीबी (विजेच्या उपकरणांत वापरली गेलेली क्लोरीनयुक्त रसायने), पारा यांसारखी प्रदूषके पक्ष्याला न मारताही त्याच्या संप्रेरकांचे (हार्मोन्सचे) काम बिघडवतात. त्याला संप्रेरक-बाधा म्हणतात. धडधाकट जोडी घरटे बांधते, अंडी घालते, पण पिल्ले निघत नाहीत. म्हणूनच ही बाधा उशिरा लक्षात येते.

सर्वांत नीट उलगडलेले उदाहरण डीडीटीचे. शरीरात त्याचे डीडीई या रसायनात रूपांतर होते आणि ते चरबीत वर्षानुवर्षे टिकते. अंड्यावर कवच चढवण्याचे काम कवचग्रंथीचे. कोंबडीत त्याला सुमारे 20 तास आणि 2 ग्रॅम कॅल्शियम लागते. डीडीई या ग्रंथीतील प्रोस्टाग्लँडिन या संप्रेरकासारख्या द्रव्याची निर्मिती रोखते, कॅल्शियम कमी पोहोचते आणि उबवणाऱ्या मादीच्या वजनानेच अंडे फुटते. कवच दीर्घकाळ 15–20 टक्के पातळ राहिले की शिकारी पक्ष्यांची संख्या घसरते. ब्रिटनमध्ये पक्षी-अभ्यासक डेरेक रॅटक्लिफ यांनी 1967 मध्ये ससाण्यांच्या अंड्यांच्या कवचातील ही घट दाखवली. कोंबडीवर्गीय पक्ष्यांना डीडीईची झळ फार कमी लागते. त्यांच्यावरील चाचण्यांवरून घारी-गरुडांबाबत निर्धास्त होणे ही घोडचूक ठरते.

पक्ष्यांत अंडाशय घडायला इस्ट्रोजेन हे मादी-संप्रेरक लागते. बलकातून तशाच गुणाचे रसायन गेले, तर नर गर्भाच्या डाव्या वृषणात अंडाशयाची ऊती दिसू लागते. पीसीबी अवटू (थायरॉइड) ग्रंथीची संप्रेरके घटवतात.

गोव्यात मांडवी-जुवारीच्या मुखाशी खारफुटी, खाजने (बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेली शेते) आणि चोडण बेटावरचे 1.78 चौ. किमी.चे सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. अशा जागी गाळात बसलेले विष कोळंबी, मासे आणि शेवटी ब्राह्मणी घार व समुद्री गरुड असे चढत जाते. प्रत्येक पायरीला त्याचे प्रमाण वाढते. डीडीटीचा शेतीतील वापर भारतात 1989 मध्ये बंद झाला, तरी रोगवाहक कीटकांसाठी त्याला मुभा राहिली. हिवाळी पाहुण्यांचा प्रश्न वेगळा: प्रवासात चरबी जळते आणि साठलेले विष रक्तात उतरते.

तपासणीसाठी न उबलेले अंडे सर्वांत उपयोगी. ते उचलण्यापूर्वी वन्यजीव विभागाची परवानगी हवीच. व्हर्नियरने (बारीक मोजमापाच्या पट्टीने) लांबी-रुंदी मोजून बलक उणे 20 अंश सेल्सिअसला गोठवावा. कवच धुऊन, सुकवून तोलावे. वजनाला (मिलिग्रॅम) लांबी व रुंदीच्या (मिलिमीटर) गुणाकाराने भागले की येतो तो कवचाचा निर्देशांक. पडून राहिलेल्या अंड्यातले पाणी उडते आणि विषाचे प्रमाण फुगलेले दिसते. म्हणून ते ताज्या अंड्याच्या आकारमानावर, म्हणजे 0.51 × लांबी × रुंदीचा वर्ग यावर, काढावे. पिसातला पारा ते पीस उगवतानाचा असतो, अंड्यातला विणीच्या सुमाराचा. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात मिसळू नयेत.