रक्त सहज मिळतं, मेंदू मिळत नाही : स्प्लायसिंगच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

जनुकात जे लिहिलंय तेच सलग आरएनएत (प्रथिन बनवण्यासाठी काढलेल्या जनुकाच्या नकलेत) उतरतं, अशी १९७७ पर्यंत समजूत होती. त्या वर्षी एमआयटीत फिलिप शार्प आणि कोल्ड स्प्रिंग हार्बरमध्ये रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांना अ‍ॅडेनोव्हायरसमध्ये वेगळंच दिसलं. आरएनएचे मधले तुकडे (इंट्रॉन) कापून टाकले जातात आणि उरलेले (एक्सॉन) सांधले जातात. हेच स्प्लायसिंग. १९९३ चं नोबेल या दोघांना मिळालं. या गटांत प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्या सुझन बर्जेट, लुईझ चाऊ यांना मात्र नाही, आणि ते अनेकांना आजही खटकतं.

डीएनए ए, सी, जी, टी या चार अक्षरांत लिहिलेला असतो. इंट्रॉनच्या सुरुवातीला बहुधा जीटी आणि शेवटी एजी ही अक्षरं असतात. आजूबाजूच्या अक्षरांसह त्यांच्यावरून पेशी कापायची जागा ओळखते. मग एखादं अक्षर बदललं तर? उत्तर पहिल्यांदा बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारात सापडलं, आणि त्याला सोयीचंही कारण होतं : रक्त सुईने काढता येतं. भूमध्य समुद्राकाठच्या रुग्णांत बीटा ग्लोबिनच्या (हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणाऱ्या जनुकाच्या) पहिल्या इंट्रॉनमधल्या ११० व्या जागी जीचं ए झालेलं १९८१ मध्ये आढळलं. त्यामुळे खऱ्या जागेच्या अलीकडे एक नवं एजी तयार होतं आणि १९ जादा अक्षरं आरएनएत शिरतात. सुमारे ९० टक्के आरएनए असा बिघडतो. थोडा तरीही बरोबर कापला जातो. माझ्या मते खरा धडा या ‘थोड्या’त होता. बदल जनुक बंदच पाडतो असं नाही, तो प्रमाण हलवतो.

भारतात सर्वाधिक आढळणारं बीटा थॅलेसेमियाचं उत्परिवर्तनही स्प्लायसिंगचंच आहे : त्याच इंट्रॉनच्या पाचव्या जागी जीऐवजी सी. महाराष्ट्रातल्या रुग्णांतही ते वारंवार दिसतं. बंगाल आणि ईशान्येतला हिमोग्लोबिन ई हा हिमोग्लोबिनचा बदललेला प्रकार आणखी चमत्कारिक. तिथला बदल एक्सॉनमध्ये आहे. तो प्रथिनातलं एक अमिनो आम्ल बदलतो आणि जवळची एक सुप्त कापण्याची जागाही जागी करतो, म्हणून प्रथिन वेगळं बनतं आणि कमीही बनतं.

स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीत (स्नायू दुबळे करणारा आनुवंशिक आजार) एसएमएन१ जनुक निकामी असतं. जोडीचं एसएमएन२ शाबूत असूनही त्याची उणीव भरून काढू शकत नाही, कारण सीच्या जागी टी आल्याने त्याचा सातवा एक्सॉन बहुतेक वेळा गळतो. हे १९९९ मध्ये कळलं. तो एक्सॉन पुन्हा आत घ्यायला लावणाऱ्या नुसिनर्सन या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली.

हे सगळे आजार. निरोगी माणसांमधले फरक मोजायला आरएनए सिक्वेन्सिंगची (पेशीतल्या आरएनएची अक्षरं वाचण्याच्या तंत्राची) वाट पाहावी लागली. ९० टक्क्यांहून जास्त मानवी जनुकांचा आरएनए एकाहून अधिक प्रकारे कापला जातो, हे २००८ मध्ये स्पष्ट झालं. पण माणसामाणसांतल्या फरकांचे सुरुवातीचे अभ्यास प्रयोगशाळेत वाढवलेल्या रक्तपेशींवरचे होते, आणि जिवंत माणसाच्या मेंदूचा किंवा हृदयाचा तुकडा संशोधनासाठी मागता येत नाही. म्हणून २०१० मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेच्या जीटेक्स प्रकल्पाने मृत दात्यांकडून ऊती घेतल्या. त्याच्या २०२० च्या विश्लेषणात ८३८ दाते आणि ४९ प्रकारच्या ऊती व पेशी होत्या. स्प्लायसिंगवर परिणाम करणारे डीएनएतले फरक त्यात जनुकांगणिक नोंदले गेले. काही फरक जवळपास सगळीकडे काम करतात, काही मोजक्याच ऊतींमध्ये. मधले कमी.

कोविडमध्ये याचा एक ठळक दाखला मिळाला. ओएएस१ या विषाणूंशी लढणाऱ्या जनुकात एका जागी जी असेल तर मूळची कापण्याची जागा टिकते आणि प्रथिनाचं लांब रूप बनतं. ए असेल तर मुख्यतः आखूड. लांब रूप असणाऱ्यांत गंभीर कोविडचा धोका कमी आढळला. आफ्रिकेबाहेरच्या अनेकांकडे हा जी निअँडरथल या नामशेष मानवांकडून आलेला आहे.

जीटेक्सचे सुमारे ८५ टक्के दाते युरोपीय वंशाचे अमेरिकन होते. आपल्याकडे जीनोम इंडिया या भारतीयांच्या डीएनए वाचणाऱ्या प्रकल्पाचा १०,००० जणांचा डेटा जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुला झाला. तो डीएनएचा आहे. कोणत्या ऊतीत आरएनए कसा कापला जातो, हे त्यातून थेट दिसत नाही.