टाइल फोडायलाच हवी, असं नाही!

वाशी-नेरूळच्या जुन्या सिडको घरांत ओट्यामागची टाइल बदलायची म्हटलं की हमखास ऐकू येतं, "फोडल्याशिवाय नवी टिकत नाही." साध्या सिमेंटपुरतं ते खरं आहे, कारण गुळगुळीत टाइलला सिमेंट नीट धरत नाही. पॉलिमरयुक्त टाइल अ‍ॅडहेसिव्ह (टाइल चिकटवायची पोत्यात मिळणारी तयार पावडर) मात्र धरतं. पोत्यावर आयएस १५४७७ (टाइल अ‍ॅडहेसिव्हचं भारतीय मानक) आणि 'जुन्या टाइलवर चालेल' हे दोन्ही बघून घ्या.

खरी परीक्षा जुन्या टाइलची. नाण्याने एकेक वाजवा. टणटण वाजली तर पक्की. पोकळ आवाज आला तर तेवढीच काढून खड्डा भरा. शेगडीमागचा तेलकट थर पूर्ण निघायलाच हवा. मी दोनदा घासला, तेव्हा कुठे बोट कोरडं फिरलं. आणि भिंतीला ओल असेल तर कृपा करून आधी गळती शोधा.