एमएच ३७० आणि खोडता येणारे अंदाज

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान कोसळल्यानंतर खान्देशात विमान अपघात हा कितीतरी दिवस बोलण्याचा विषय होता. नंदुरबारपासून जळगावपर्यंत अनेक घरांचे गुजरातशी नोकरीचे, व्यापाराचे आणि सोयरिकीचे संबंध असल्याने ते साहजिकही होते. मात्र सुरत-भुसावळ मार्गावरच्या डब्यात किंवा तालुक्याच्या बाजारपेठेत ही चर्चा लांबत गेली, की ती हमखास एका जुन्या विमानापाशी येऊन थांबे. अहमदाबादचे विमान कोठे पडले हे तरी साऱ्यांना दिसले. पण ८ मार्च २०१४ च्या पहाटे क्वालालंपूरहून बीजिंगकडे २३९ जणांना घेऊन निघालेले मलेशिया एअरलाइन्सचे बोइंग ७७७, म्हणजे उड्डाण क्रमांक एमएच ३७०, गेले कोठे? ते कझाकस्तानात उतरवले, हिंदी महासागरातील दिएगो गार्सिया बेटावरच्या अमेरिकी तळावर लपवले, दुरून संगणकाद्वारे पळवले, असे तर्क इतक्या वर्षांनंतरही आत्मविश्वासाने मांडले जातात.

असे तर्क करणाऱ्यांना हसण्याचे कारण नाही. तपासही अंदाजानेच सुरू होतो, आणि या प्रकरणात लोकांच्या अंदाजांना खतपाणी घालण्याचे काम पहिल्या काही दिवसांत यंत्रणांनीच केले. मलेशियाच्या लष्करी रडारवर विमान पश्चिमेकडे वळल्याच्या खुणा असताना कित्येक दिवस मुख्य शोध पूर्वेकडे, दक्षिण चिनी समुद्रात चालू होता. दोन प्रवासी चोरीच्या पासपोर्टवर चढल्याचे कळताच घातपाताची चर्चा उसळली. पुढे ते युरोपात आश्रय मागू पाहणारे इराणी तरुण असल्याचे स्पष्ट झाले. समुद्रावरील तेलाचा तवंग आणि उपग्रहचित्रांतील ठिपके असे एकेक धागे हाती आले आणि तुटले. माहिती जेथे उशिरा आणि तुकड्यांनी मिळते तेथे माणसे उरलेली जागा स्वतःच भरून काढतात. प्रश्न इतकाच, की भरून काढलेला मजकूर पुढे खोडता येण्याजोगा आहे की नाही.

‘आकाशात इतके उपग्रह असताना एवढे मोठे विमान दिसेनासे होतेच कसे?’ हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे. बहुतेकांच्या कल्पनेत प्रत्येक विमानावर कोणीतरी सतत नजर ठेवून असते. प्रत्यक्षात रडारला दृष्टीची सरळ रेषा लागते आणि पृथ्वी गोल असल्यामुळे दहा किलोमीटर उंचीवरील विमानही किनाऱ्यावरील रडारला साधारण चारशे किलोमीटरपलीकडे दिसत नाही. शिवाय नागरी नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर विमानाचे नाव आणि उंची उमटते ती विमानातील ट्रान्सपाँडरने दिलेल्या उत्तरामुळे. हे यंत्र बंद पडले किंवा बंद केले गेले, तर ती ओळख तेथेच पुसली जाते. एमएच ३७० च्या बाबतीत मलेशियन वेळेनुसार १ वाजून १९ मिनिटांनी वैमानिक कक्षातून शेवटचे शब्द ऐकू आले आणि दोनच मिनिटांत ट्रान्सपाँडरची खूण नाहीशी झाली. त्यानंतर लष्करी रडारला हे विमान मलाय द्वीपकल्प ओलांडून वायव्येकडे जाताना २ वाजून २२ मिनिटांपर्यंत दिसत राहिले. १६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यात वर्डी शिवारात, सातपुड्याच्या परिसरात, प्रशिक्षणाचे छोटे विमान कोसळले आणि त्यातील प्रशिक्षकाचा मृत्यू झाला, तेव्हा आसपासची माणसे लगेच तेथे पोहोचली होती. जमिनीवर माणसांची वस्ती हीच एक शोधयंत्रणा असते, आणि दक्षिण हिंदी महासागरात ती नाही.

नातेवाइकांनी केलेल्या फोनवर घंटी वाजत होती, म्हणून प्रवासी जिवंत होते, असाही एक तर्क तेव्हा फार पसरला. आपल्या कानाला ऐकू येणारा घंटीचा आवाज समोरच्या मोबाइलमधून येत नाही. तो मोबाइल कंपनीच्या जाळ्याकडून येतो, आणि समोरचे यंत्र शोधले जात असतानाही तो ऐकू येऊ शकतो. हा तर्क येथेच संपतो.

खरा उलगडा झाला तो उपग्रहाशी झालेल्या एका अगदी रुक्ष संवादातून. विमानात उपग्रहामार्फत संपर्क साधणारे एक यंत्र होते. त्याच्याकडून तासभर काही ऐकू आले नाही, तर जमिनीवरील केंद्र हिंदी महासागरावरील इनमारसॅट उपग्रहामार्फत ‘आहेस का?’ असे विचारते आणि यंत्र आपोआप ‘आहे’ असे उत्तर देते. या उत्तरात विमानाचे ठिकाण नसते. मात्र उत्तर येण्यास किती वेळ लागला, याची नोंद ऑस्ट्रेलियातील पर्थच्या केंद्रात होत होती, आणि रेडिओ लहरींचा वेग ठाऊक असल्यामुळे त्या वेळेवरून उपग्रहापासून विमानाचे अंतर काढता येत होते. जळगावपासून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटरवर आहे, एवढेच कोणी सांगितले, तर तो माणूस पश्चिमेला अमळनेरात असू शकतो, तसाच पूर्वेला मुक्ताईनगरातही. अंतर कळते, दिशा कळत नाही. तसेच येथे प्रत्येक नोंदीसाठी पृथ्वीवर एक वर्तुळ मिळाले. रडारवरून विमान नाहीसे झाल्यानंतर अशा सात नोंदी मिळाल्या, त्यांतील अखेरची सकाळी ८ वाजून १९ मिनिटांची. विमानाचा वेग आणि इंधन लक्षात घेता त्या वर्तुळाचा जो भाग शिल्लक राहतो, त्याला आज ‘सातवा कंस’ म्हणतात. हा कंस मध्य आशियापासून दक्षिण महासागरापर्यंत पसरलेला आहे.

उत्तर की दक्षिण, हा निर्णय दुसऱ्या मापाने झाला, आणि माझ्या मते या साऱ्या तपासातील बुद्धीचा सर्वांत देखणा भाग तोच आहे. जवळ येणाऱ्या किंवा दूर जाणाऱ्या वस्तूकडून आलेल्या लहरींची वारंवारता बदलते, याला डॉप्लर परिणाम म्हणतात. विमानातील यंत्र हा बदल आधीच हिशेबात धरून लहरी दुरुस्त करून पाठवते, पण ती दुरुस्ती करताना उपग्रह विषुववृत्तावर ६४.५ अंश पूर्व रेखांशापाशी अगदी स्थिर आहे, असे ते गृहीत धरते. हा उपग्रह जुना झाला होता आणि त्याची कक्षा किंचित कललेली असल्याने तो दररोज थोडा उत्तरेला, थोडा दक्षिणेला सरकत असे. त्यामुळे यंत्राची दुरुस्ती अपुरी पडली आणि वारंवारतेत जी बारीकशी तफावत उरली, ती उत्तरेकडे जाणाऱ्या विमानासाठी एक आणि दक्षिणेकडे जाणाऱ्यासाठी वेगळी असणार होती. इतर विमानांच्या ज्ञात मार्गांवर ही पद्धत आधी पडताळून पाहण्यात आली, आणि २४ मार्च २०१४ रोजी मलेशियाच्या पंतप्रधानांनी विमानाचा प्रवास दक्षिण हिंदी महासागरात संपल्याचे जाहीर केले.

आता सुरुवातीचे तर्क या मापांपुढे ठेवून पाहावेत. दिएगो गार्सिया बेट उपग्रहाच्या थेट खालील बिंदूपासून सुमारे १,२०० किलोमीटरवर आहे, तर शेवटच्या वर्तुळाची त्रिज्या पृथ्वीच्या पृष्ठभागावर साडेचार हजार किलोमीटरहून अधिक भरते. म्हणजे ८ वाजून १९ मिनिटांनी विमान त्या बेटावर उभे असणे या नोंदीत बसत नाही. त्या सकाळी मालदीवच्या एका बेटावरील लोकांनी अगदी कमी उंचीवरून उडणारे विमान पाहिल्याचे सांगितले होते. त्यांनी काहीतरी पाहिले असेलही, पण मालदीवही याच कारणाने बाद होतो. कझाकस्तानचा तर्क मात्र अंतराच्या परीक्षेत उत्तीर्ण होतो आणि वारंवारतेच्या परीक्षेत नापास होतो. २९ जुलै २०१५ रोजी हिंदी महासागरातील रीयुनियन बेटावर विमानाच्या पंखाचा फ्लॅपेरॉन हा भाग सापडला, पुढे टांझानिया आणि मॉरिशसच्या किनाऱ्यांवर सापडलेले भागही याच विमानाचे ठरले, तेव्हा विमान कोठेतरी सुखरूप उतरवल्याच्या साऱ्याच कथांचा आधार गेला. विमान उतरवल्याचा तर्क चुकला तो मूर्खपणाचा होता म्हणून नव्हे. तो निश्चित ठिकाण सांगत होता म्हणून त्याला चुकवता तरी आले. त्याउलट ‘अवशेषही मुद्दाम आणून टाकले’ असे म्हणणाऱ्या तर्काला कोणताच पुरावा खोडू शकत नाही, आणि तपासाला तो निरुपयोगी आहे तो त्याच कारणाने.

या मापांची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. विमान कोठे गेले याविषयी ती बोलतात. ते कोणी वळवले आणि का, याविषयी ती मुकी आहेत. जुलै २०१८ मधील मलेशियाच्या अंतिम अहवालाने पहिले वळण बहुधा हाताने विमान चालवून घेतले गेले असावे असे नोंदवले, तिसऱ्या कोणाचा हस्तक्षेप नाकारता येत नाही असे म्हटले आणि नाहीसे होण्याचे खरे कारण ठरवता आले नाही, हे मान्य केले. अनेकांना ही पळवाट वाटली. मला ती अहवालातील सर्वांत जबाबदार नोंद वाटते, कारण हयात नसलेल्या वैमानिकावर ठपका ठेवणे सर्वांत सोपे होते.

हा अहवाल किती खालच्या पातळीपर्यंत गेला याचे एक उदाहरण फळबागायतदारांच्या आपल्या मुलखात सांगण्याजोगे आहे. विमानाच्या मालात साडेचार टनांहून अधिक मँगोस्टीन ही फळे होती आणि लिथियम-आयन बॅटऱ्याही होत्या. फळांचा रस बॅटऱ्यांवर गळून आग लागली असावी, अशी चर्चा सुरू झाली. तपास पथकाने ती हसण्यावारी न नेता संरक्षण संशोधन संस्थेकडून फळांचा रस आणि बॅटऱ्या यांची चाचणी करून घेतली. त्यातून आगीचे कारण निघाले नाही. शंका घेणाऱ्याचे नाव, गाव, हेतू यांपैकी काहीही त्या चाचणीला लागले नव्हते.

शोधूनही न सापडणे हीसुद्धा माहिती असते, हे लोकांना पटवणे कठीण आहे. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान अटलांटिक महासागरात कोसळले. त्याच्या ब्लॅक बॉक्सवरील ध्वनियंत्रांचा आवाज शेवटच्या ज्ञात ठिकाणाजवळ ऐकू आला नाही, म्हणून तो भाग जवळपास सोडून दिला गेला आणि दोन वर्षे अन्यत्र शोध झाला. पुढे संभाव्यतेच्या गणितज्ञांनी नवी माहिती येताच शक्यता पुन्हा मोजणाऱ्या बेजच्या सूत्राने सारा हिशेब नव्याने मांडला आणि त्यात दोन्ही ध्वनियंत्रे मुळात बंदच पडली असण्याची शक्यताही धरली. ती धरताच सोडून दिलेला भाग यादीत वर आला. एप्रिल २०११ मध्ये तेथे शोध सुरू झाल्यावर आठवडाभरातच, सुमारे ३,९०० मीटर खोलीवर, अवशेष सापडले.

एमएच ३७० ला असे यश आलेले नाही. २०१७ च्या जानेवारीपर्यंत १,२०,००० चौरस किलोमीटर समुद्रतळ तपासला गेला. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांचे क्षेत्रफळ मिळून सुमारे २५,००० चौरस किलोमीटर भरते. म्हणजे जवळजवळ पाच खान्देश, तेही काही किलोमीटर पाण्याखालचे. त्यात एकोणिसाव्या शतकातील बुडालेली जहाजे सापडली, विमान नाही. ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांनी दुसऱ्या एका बोइंग ७७७ चा खरा फ्लॅपेरॉन समुद्रात सोडून तो वाऱ्यापाण्याबरोबर कसा वाहतो हे मोजले आणि त्यावरून शोधक्षेत्राच्या उत्तरेचा पट्टा अधिक संभाव्य ठरवला. २०१८ मध्ये ओशन इन्फिनिटी या कंपनीने तोही धुंडाळला; २०२५ मध्ये ‘सापडले तरच पैसे’ या अटीवर तिच्याशी पुन्हा करार झाला. जेथे शोध रिकामा गेला तेथील संभाव्यता कमी होते, शून्य मात्र होत नाही, कारण दऱ्याखोऱ्यांच्या तळावर ध्वनिलहरींनी घेतलेल्या चित्रात अवशेष निसटू शकतात. चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला निघालेले भारतीय हवाई दलाचे एएन-३२ विमान जुलै २०१६ मध्ये बंगालच्या उपसागरावर नाहीसे झाले होते. त्याचे म्हणून ओळखले गेलेले अवशेष राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणबुडीने सुमारे ३,४०० मीटर खोलीवर टिपल्याचे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले.

‘ब्लॅक बॉक्स मिळाला की सगळे कळेल’ हे वाक्यही तपासून घ्यावे लागते. एमएच ३७० मधील आवाज नोंदवणारे यंत्र फक्त शेवटचे दोन तास जपून ठेवणारे होते आणि वळण घेतल्यानंतर विमान सुमारे सात तास उडत राहिले. त्यामुळे ते यंत्र मिळाले आणि वाचता आले, तरी १ वाजून २१ मिनिटांच्या सुमारास वैमानिक कक्षात कोण काय बोलले हे त्यात नसण्याचीच शक्यता आहे. उड्डाणाची मापे नोंदवणाऱ्या दुसऱ्या यंत्राची मुदत मात्र २५ तासांची होती. विमान कोणत्या क्षणी कसे वळले, वीजपुरवठ्याचे काय झाले आणि इंजिने केव्हा बंद पडली, एवढे त्यातून कळू शकेल. कक्षात त्या वेळी कोणाचे हात विमान चालवण्याच्या दांड्यांवर होते, ते त्यातूनही कळणार नाही.