बदली कामगार (मुंबईच्या कापडगिरण्या)

बदली कामगार म्हणजे गिरणीत स्वतःची जागा नसलेला कामगार. परमनंट माणसाने खाडा केला, गावी गेला किंवा आजारी पडला की त्याच्या मशीनवर त्या पाळीपुरता हा उभा राहायचा, काम मिळालं तर त्या दिवसाचा पगार, नाही मिळालं तर खोलीवर परत. गिरणी कामगारांचा विषय निघाला की लोक सरळ १९८२ च्या संपावर जातात. पण गिरणगाव समजून घ्यायचं असेल तर आधी गेटवर ताटकळणारा हा बदलीवाला बघायला पाहिजे असं माझं मत आहे, कारण मुकादमाचा दरारा, मालकांचा हिशोब, गावाशी न तुटलेला संबंध हे सगळं त्याच्यापाशी येऊन मिळतं.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये उभारायला घेतली, १८५६ मध्ये ती ताडदेवला सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळी, डिलाईल रोड असा पट्टाच गिरण्यांनी भरला. माणसं आली रत्नागिरीतून, साताऱ्यातून, कोल्हापूर-पुण्याच्या घाटावरून, नंतर उत्तर प्रदेशातूनही. यातल्या बहुतेकांनी गावची जमीन सोडली नव्हती. बायकापोरं गावी, म्हातारे आईबाप गावी, त्यामुळे उन्हाळा लागला, लग्नसराई आली की माणसं सुट्टी मिळो ना मिळो गाडी पकडायची, कोकणातल्यांचं शिमगा-गणपतीला तेच, आणि इकडे मशीन तर बंद ठेवता येत नाही. म्हणून राखीव माणसं लागायची. शिवाय कापडाला उठाव कमी झाला की हीच माणसं आधी कमी करता यायची, नोटीस नाही काही नाही, म्हणजे मालकाला सोय दोन्हीकडून.

माणूस निवडायचा तो मुकादमाने, म्हणजे जॉबरने. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करायची, आणि १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचात एक कामगार बाई होती हे विसरून चालणार नाही. भोंग्याच्या आधी गेटवर गर्दी व्हायची, आत किती खाडे पडलेत ते बघून जॉबर बाहेरच्यांतून माणसं उचलायचा. आपल्या गावचा, आपल्या भावकीतला, ओळखीतून आलेला आधी. त्यावर दस्तुरी, म्हणजे काम दिल्याबद्दल कामगाराकडून घ्यायचे पैसे, हा तर उघड व्यवहार होता. बरेच जॉबर वस्तीत खोली मिळवून द्यायचे, उधारीला जामीन राहायचे, व्याजानेही पैसे द्यायचे, त्यामुळे गेटवरचा जॉबर आणि चाळीतला जॉबर वेगळा काढता यायचा नाही. पण ही भानगड एकतर्फी नव्हती, माणसं टिकवायची तर जॉबरलाही त्यांचं बघावं लागायचं, आणि संपात कामगारांच्या विरोधात गेलेल्या जॉबरला वस्तीत राहणं जड जायचं.

बदलीतही सगळ्यांना सगळीकडे शिरता यायचं नाही. साचाखात्यात, म्हणजे मागावर, पगार जास्त. तिथे धोट्यात, म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या साधनात, सुताची नवीन कांडी भरली की सुताचं टोक भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागायचं, मग दलितांनी तोंड लावलेला धोटा आम्ही लावणार नाही म्हणून सवर्ण विणकर त्यांना खात्यातच येऊ द्यायचे नाहीत. दलित कामगार रिंगखात्यासारख्या, म्हणजे सूत कातायच्या खात्यासारख्या, कमी पगाराच्या ठिकाणी अडकायचे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघड मांडला. कामगार एकजुटीच्या गोष्टी सांगताना हा भाग बरेच जण गाळतात, ते काही बरोबर नाही.

तो १९२८ चा संप जवळपास सहा महिने चालला, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते, त्यातून लाल बावट्याची, म्हणजे कम्युनिस्टांची, गिरणी कामगार युनियन मोठी झाली. कारण होतं कमी माणसांत जास्त मशीन चालवायची मालकांची योजना. माणसं कमी केली की सुटलेला परमनंट कामगार परत बदलीच्या रांगेत येणार आणि मागच्याला आणखी मागे ढकलणार हे कळायला कुणाला पुढाऱ्याची गरज नव्हती.

१९३५ मध्ये गिरणी मालक संघाने बदली कंट्रोलची पद्धत आणली. दर महिन्याच्या एक तारखेला ठरावीक माणसांना कार्ड द्यायचं, त्यांनी रोज सकाळी हजर व्हायचं आणि खाडे भरायचे ते याच माणसांतून. हेतू चांगला होता, जॉबरचा हात आखडायचा. पण कार्ड म्हणजे काम नव्हे, कार्ड म्हणजे रांगेत उभं राहायचा हक्क. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात लेऑफच्या, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवण्याच्या, भरपाईचं कलम आलं, त्यातून बदलीवाल्याला वगळलं, मात्र एक वर्ष सलग नोकरी भरली तर त्याला बदली धरायचं नाही असंही लिहिलं. वर्ष म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवस काम. आता दिवस किती भरणार ते ज्याच्या हातात, त्याच्याच हातात हा हक्क, हे कायदा करणाऱ्यांना दिसलं नसेल असं वाटत नाही.

पोटाचं कसं व्हायचं तर खानावळीवर. चाळीतल्या बाया दोन वेळचं जेवण घालायच्या, महिन्याच्या हिशोबाने, आणि बदलीवाल्याचे दिवस भरले नाहीत की बुडीत उधारी त्या बाईच्या वहीत राहायची, तिने स्वतः किराणा सावकाराच्या पैशातून आणलेला असायचा. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा खानावळवाल्या बायांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना उभी केली, बायांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं. राहायला गावकीचा गाळा, म्हणजे एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेली खोली, एका खोलीत पंधरा-वीस माणसं, पाळ्या वेगळ्या म्हणून एकाची वळकटी सुटली की दुसऱ्याची पसरायची.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, जवळपास अडीच लाख कामगार. पगारवाढ, घरभाडं, रजा यांच्यासोबत बदली कामगारांना कायम करा ही मागणी होती आणि ती यादी लांबवायला घातलेली नव्हती. अधिकृत युनियन म्हणून मान्यता मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती, १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे बोलणी त्याच्याशीच, त्यामुळे सामंतांशी करार करायला मालकांनी नकार दिला. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तो विरत गेला. तोवर कापड भिवंडीच्या यंत्रमागांकडे सरकत होतं, १९८३ मध्ये १३ गिरण्यांचं व्यवस्थापन केंद्र सरकारने घेतलं, १९९१ च्या विकास नियमांनी गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या व्हायची वाट उघडली.

पुढे गिरणी कामगारांसाठी म्हाडाच्या घरांची योजना आली, पहिली सोडत २०१२ मध्ये. अर्जदाराने आपण गिरणीत होतो ते दाखवायचं तिकीट नंबर, सर्व्हिस सर्टिफिकेट, ईएसआयसी (कामगार विमा) किंवा पीएफच्या कागदांवर. परमनंट माणसाच्या ट्रंकेत यातलं काहीतरी सापडायची शक्यता जास्त, बदलीवाल्याकडे असलीच तर महिन्याच्या मुदतीची जुनी कार्डं.