आधी कोणी सांगायचं? कमरेचं पिस्तूल, दुकानाचं दार आणि पोलिसांशी गाठ

टेक्सासमध्ये एखाद्या दवाखान्याच्या काचेच्या दारावर भलीमोठी पाटी दिसते. वर इंग्रजी, खाली स्पॅनिश, मजकूर एकच: दंडसंहितेच्या कलम ३०.०६ नुसार परवानाधारकाने लपवलेलं पिस्तूल घेऊन या जागेत येऊ नये. अक्षरं किमान एक इंच उंचीची हवीत, रंग पार्श्वभूमीवर उठून दिसणारा हवा आणि पाटी येणाऱ्याच्या सहज नजरेस पडायला हवी. एवढा कायदेशीर मजकूर दोन भाषांत, इंचभर अक्षरांत बसवायचा म्हणजे दाराची अर्धी काच गेलीच. दुकानाची शोभा जाते, ही तक्रार रास्त आहे. पण पाटीचा हा आकार अपघाताने आलेला नाही.

अमेरिकेतल्या शस्त्रकायद्यांबद्दल वाचताना बंदूक हवी की नको, याच वादाकडे लक्ष जातं. रोजच्या व्यवहारात अडतं ते दुसरीकडेच. आधी कोणी सांगायचं? दुकानदाराने ‘आणू नका’ म्हणायचं, की ग्राहकाने ‘आणू का’ विचारायचं? रस्त्यात गाडी अडवली तर पोलिसाने विचारायचं, की चालकाने आपणहून बोलायचं? गेल्या तीस वर्षांतले बरेचसे कायदे याच प्रश्नाची उत्तरं आहेत, आणि ती राज्यागणिक वेगळी आहेत.

सुरुवात बंदीपासून झाली. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ मध्येच लपवून शस्त्र बाळगायला मनाई केली. उघड बाळगणारा सरळ माणूस, लपवणारा दगाबाज, अशी तेव्हाची समजूत. टेक्सासने १८७१ मध्ये पिस्तूल बाळगणंच जवळपास बंद केलं. स्वतःच्या जागेत चालेल आणि प्रवाशाला चालेल, अशा दोन-चार सवलती ठेवल्या. प्रवासी म्हणजे कोण, यावर मग न्यायालयांत शतकभर काथ्याकूट झाला. काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, हद्द ओलांडली की प्रवासी, की रात्रीचा मुक्काम पडला की? स्वतःच्या गाडीत पिस्तूल झाकून ठेवण्याला सरळ मुभा मिळाली ती २००७ मध्ये.

त्याआधी १६ ऑक्टोबर १९९१ रोजी किलीन गावातल्या ‘लुबीज’ कॅफेटेरियात एका माणसाने ट्रक भिंतीतून आत घातला आणि २३ जणांना गोळ्या घालून मारलं. सुझाना हप तिथे आईवडिलांसोबत जेवत होत्या. त्यांचं रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत होतं. जवळ बाळगलं तर कायरोप्रॅक्टरचा (हातांनी मणके-सांधे बसवणाऱ्या उपचारकाचा) व्यवसाय-परवाना जाईल, या भीतीने तिथेच ठेवलेलं. आई आणि वडील दोघंही गेले. हप यांनी पुढे अनेक राज्यांच्या विधिमंडळांसमोर ही साक्ष दिली आणि १९९६ मध्ये स्वतः टेक्सासच्या प्रतिनिधीगृहात निवडून आल्या. गव्हर्नर अॅन रिचर्ड्स यांनी १९९३ मध्ये या विषयावर जनमत घेण्याचं विधेयक नाकारलं होतं. जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी १९९५ मध्ये परवान्याच्या कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी १९९६ पासून परवानाधारक पिस्तूल लपवून फिरू लागले. तेव्हा प्रशिक्षण १० ते १५ तासांचं होतं. आता ते ४ ते ६ तासांवर आलं आहे. त्याशिवाय ३, ७ आणि १५ यार्डांवरून एकूण ५० गोळ्या झाडून दाखवायच्या असतात.

या कायद्यात एक फट राहिली होती. खाजगी जागेत शिरण्याच्या सर्वसाधारण कलमाखाली दारावरची कुठलीही खूण सूचना ठरू शकत होती. पिस्तुलावर लाल काट मारलेलं बोटभर स्टिकर कोपऱ्यात चिकटवलं की झालं. ते न दिसलेला माणूस आत जाऊन गुन्हेगार ठरायचा. म्हणून १९९७ मध्ये ३०.०६ हे वेगळं कलम आलं: दुकानदाराला मनाई करायचा पूर्ण हक्क आहे, पण ती ठरलेल्या शब्दांत, ठरलेल्या मापात करायची. नाहीतर तोंडी सांगायचं, किंवा तोच मजकूर छापलेलं कार्ड हातात द्यायचं. आधी सांगण्याचा बोजा दुकानावर, तोही मोजपट्टी लावून.

पुढे पाट्या वाढत गेल्या. १ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकाला पिस्तूल होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, उघडं बाळगता येऊ लागलं, तशी त्यासाठी ३०.०७ ची वेगळी पाटी आली. १ सप्टेंबर २०२१ पासून परवान्याची सक्तीच गेली आणि विनापरवाना बाळगणाऱ्यांसाठी ३०.०५ चा मजकूर आला. तिन्ही प्रकार अडवायचे तर पाट्याही तीन. इथेच हमखास घोळ होतो. ३०.०७ लावली आणि ३०.०६ विसरली, तर उघडं पिस्तूल बाहेर राहतं, शर्टाखालचं खुशाल आत येतं. जुनं लाल काटेवालं स्टिकर विनापरवाना माणसाविरुद्ध कदाचित चालेल, परवानाधारकाविरुद्ध ते सजावटच.

शिक्षेची चढणही लक्षात घेण्यासारखी आहे. योग्य पाटी ओलांडली तर २०० डॉलरपर्यंत दंड. पण व्यवस्थापकाने समोर येऊन ‘बाहेर जा’ म्हटलं आणि माणूस हलला नाही, तर वर्षभरापर्यंत कैद आणि ४,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून दुकानदाराने वाद घालत बसू नये. एकदा, स्पष्ट शब्दांत, शक्यतो दुसऱ्या माणसादेखत सांगावं आणि मग पोलिसांना बोलवावं. ग्राहकानेही ‘तुमची पाटी अर्धा इंचाची आहे’ ही वकिली काउंटरवर करू नये, कारण तोंडी सूचनेला इंचाची अट नाही. लाल ‘५१%’ ची पाटी मात्र वेगळी. ज्या जागेचं ५१ टक्के किंवा अधिक उत्पन्न तिथेच पिण्यासाठी विकलेल्या दारूतून येतं, तिथे परवानाधारकालाही मनाई असते आणि तो गुन्हा कितीतरी गंभीर आहे.

परवान्याची सक्ती गेली म्हणजे सगळ्यांना मोकळीक मिळाली, असा समज करून घेऊ नये. डॅलस-ह्यूस्टनकडच्या मराठी घरांत तर मुळीच नाही. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ ठेवायलाच मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना हा त्यातला नेहमीचा अपवाद. ग्रीन कार्डधारकाला ही बंदी नाही. शिक्षा १५ वर्षांपर्यंत जाऊ शकते आणि राज्याचा सैल कायदा तिथे कामी येत नाही.

टेक्सासबाहेर मापं बदलतात. इलिनॉयमध्ये पाटी पोस्टकार्डाएवढी, ४ बाय ६ इंचांची, पण राज्य पोलिसांनी ठरवलेल्या नमुन्याचीच. मिनेसोटात अक्षरं एरियल टंकात, काळी, किमान दीड इंचाची, पाटी दारापासून चार फुटांच्या आत आणि तिची खालची कड जमिनीपासून चार ते सहा फुटांवर. कायद्यात टंकाचं नाव लिहिणारे आमदार कुठल्या छापखान्यातून आले होते कोण जाणे! एवढं करूनही तिथे सांगितल्यावर न निघण्याचा पहिल्या वेळचा दंड जास्तीत जास्त २५ डॉलर. फ्लोरिडात पाटीचं असं माप नाही, पण शस्त्रासह ‘निघा’ म्हटल्यावर न निघणं हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा. मोठ्या साखळ्यांनी मधली वाट धरली. स्टारबक्सने सप्टेंबर २०१३ मध्ये ग्राहकांना शस्त्रं आणू नका अशी विनंती केली, बंदी घातली नाही. एल पासोच्या दुकानातल्या हत्याकांडानंतर वॉलमार्टने सप्टेंबर २०१९ मध्ये फक्त उघडं शस्त्र नको म्हटलं. बंदी घातली की ती अमलात आणायचं काम गल्ल्यावरच्या पोरांवर येतं.

जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्रुएन’ निकालात न्यूयॉर्कची ‘खास गरज दाखवा’ ही परवान्याची अट रद्द केली. त्यावर न्यूयॉर्कने उत्तर शोधलं ते प्रश्न उलटा करून: खाजगी जागेत शस्त्र नेणं मुळातच मना, मालकाने पाटी लावून किंवा स्पष्ट संमती देऊन बोलावलं तरच चालेल. म्हणजे गप्प बसलेला दुकानदार टेक्सासमध्ये ‘हो’ म्हणत असतो आणि न्यूयॉर्कमध्ये ‘नाही’. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, हवाई यांनीही हाच मार्ग धरला. लोकांसाठी खुल्या असलेल्या दुकानांपुरता न्यूयॉर्कचा नियम अपील न्यायालयात टिकला नाही. कॅलिफोर्नियाने संमती फक्त पाटीतूनच मानली होती, तो नियमही पश्चिमेकडच्या राज्यांच्या वेगळ्या अपील न्यायालयात अडला. तोंडी संमतीही मानणारा हवाईचा कायदा मात्र पश्चिमेकडच्या त्याच न्यायालयात टिकला. हवाईने परंपरेचा दाखला म्हणून न्यू जर्सीचा १७७१ चा चोरट्या शिकारीविरुद्धचा कायदा आणि लुइझियानाचा १८६५ चा कायदा पुढे केला. यातला दुसरा मुक्त झालेल्या गुलामांना जखडण्याच्या काळातला, त्यामुळे त्यावर टीका व्हायचीच होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सुनावणीला घेतलं.

रस्त्यावर बाजू पालटते, तिथे बोलायचं शस्त्र बाळगणाऱ्याने. याचा पाया १९७७ च्या ‘पेन्सिल्व्हेनिया विरुद्ध मिम्स’ या निकालात आहे. फिलाडेल्फियात मुदत संपलेल्या नंबरप्लेटसाठी गाडी अडवली, चालकाला खाली उतरवलं, तर जॅकेटखाली फुगवटा दिसला. निघालं .३८ चं रिव्हॉल्व्हर, पाच गोळ्या भरलेलं. अडवलेल्या गाडीतून चालकाला उतरवायला वेगळं कारण लागत नाही, असं न्यायालयाने ठरवलं.

‘सांगा’ म्हणजे कधी, हे मात्र राज्यं ठरवतात. मिशिगनमध्ये परवानाधारकाने लगेच, न विचारता सांगायचं. चुकलं तर पहिल्यांदा ५०० डॉलर दंड आणि सहा महिने परवाना निलंबित. ओहायोतही जून २०२२ पर्यंत तत्काळ सांगणं बंधनकारक होतं, आता विचारल्यावर खरं सांगायचं. टेक्सासमध्ये पोलिसाने ओळखपत्र मागितलं तर परवानाधारकाने वाहनपरवाना आणि शस्त्रपरवाना दोन्ही द्यायचे.

मिनेसोटात आपणहून सांगण्याची सक्ती नाही. तरीही ६ जुलै २०१६ च्या रात्री फाल्कन हाइट्समध्ये गाडी अडवल्यावर फिलँडो कॅस्टिल यांनी सांगितलं, की आपल्याजवळ पिस्तूल आहे. त्यांच्याकडे परवाना होता. पोलिसाने त्याआधी वाहनपरवाना मागितला होता. म्हणजे ‘कागद काढ’ आणि ‘तिकडे हात नेऊ नको’ या दोन आज्ञा एकाच हाताला काही सेकंदांत मिळाल्या. सात गोळ्या झाडल्या गेल्या आणि कॅस्टिल मरण पावले. जून २०१७ मध्ये ज्युरीने त्या पोलिसाला निर्दोष सोडलं.

परवान्याच्या वर्गांत शिकवतात ते बहुतेक या क्षणाभोवतीच फिरतं. रात्री आतला दिवा लावायचा, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, वरच्या बाजूला. उजव्या कमरेला होल्स्टर असेल तर पाकीट उजव्या मागच्या खिशात ठेवायचं नाही, कारण पाकिटाकडे जाणारा हात आणि पिस्तुलाकडे जाणारा हात बाहेरून एकसारखाच दिसतो. विम्याचे कागद आणि पिस्तूल एकाच कप्प्यात ठेवणं ही तीच चूक. ‘गन’ हा शब्द आधी उच्चारू नये. ‘माझ्याकडे परवाना आहे, शस्त्र उजव्या कमरेला आहे, मी काय करू?’ म्हणायचं आणि उत्तर येईपर्यंत हात हलवायचा नाही. दोन आज्ञा एकमेकींविरुद्ध वाटल्या तर एकही पाळायला जाऊ नये, हात तिथेच ठेवून विचारावं.

पोलीस शस्त्र तात्पुरतं काढून घेऊ शकतो. तेव्हा ‘मी काढून देतो’ म्हणू नये. अनोळखी पिस्तूल रस्त्याकडेला रिकामं करताना गोळी सुटण्याचा धोका असतो, म्हणून होल्स्टरसकट काढून घ्यायला सुचवावं. टेक्सासमध्ये धोका नसेल आणि अटक झाली नसेल, तर परवानाधारकाला सोडण्याआधी ते परत द्यावं लागतं. पिस्तूल, मॅगझिन (गोळ्यांची पेटी) आणि चेंबरमधली, म्हणजे नळीत चढवलेली, सुटी गोळी वेगवेगळी हातात येतात. ती तिथेच भरायची नाहीत. पोलिसाची गाडी निघून गेल्यावर भरायची.